जंगलाचेही चावडीवाचन हवे

सातबारा संगणकावर चढवताना महसूल खात्याने गावोगावी चावडीवाचन केले. तलाठ्याने गट नंबर वाचायचा, खातेदारांनी ऐकायचे, चूक असेल तर तिथेच सांगायची. सगळीकडे ते मन लावून झाले असे नाही. तरी पोटखराबा किती, विहिरीत कुणाचा चौथा हिस्सा, बांधावरचा आंबा कुणाचा, असल्या चुका ज्यांना माहीत होत्या त्यांच्याच तोंडून बाहेर आल्या. त्याच गावाच्या शिवेला लागून पाच-सातशे हेक्टर जंगल असते. पुढच्या वर्षी त्यातल्या कोणत्या उतारावर कुऱ्हाड चालणार, कोणत्या माळावर खड्डे पडणार आणि कोणत्या ओढ्याचा काठ तसाच राहणार, हे ठरवणारा एक कागद वनखात्यात तयार होतो. त्याचे नाव उपचार नकाशा. गावात तो कुणी पाहिलेला नसतो.

जंगलाच्या नियोजनावर जो काही वाद होतो तो कार्य आयोजनेवर होतो. ही प्रत्येक वनविभागाची दहा वर्षांची पोथी. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी आदेश दिला की केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेबाहेर राज्यांच्या जंगलांत झाडतोड होणार नाही. तेव्हापासून या पोथीचे वजन फार वाढले. तिच्या पहिल्या भागात विभागाची कुंडली असते: खडक, माती, पाऊस, झाडांच्या जाती, निस्ताराचे (घरगुती गरजेपुरते सरपण-चारा घेण्याचे) हक्क, मागच्या आयोजनेचे काय झाले. दुसऱ्या भागात आज्ञा असतात: कोणता कक्ष (जंगलाचा क्रमांक दिलेला कायमचा तुकडा) कोणत्या कार्यवर्तुळात (एकाच पद्धतीने हाताळायच्या जंगलाचा गट), कोणत्या वर्षी कोणता कूप (त्या वर्षी कामाला घ्यायचा तुकडा), सागाचा किती घेर झाल्यावर तो तोडीस योग्य धरायचा, बांबूला किती वर्षांनी हात लावायचा. २०१४ च्या आणि त्यानंतरच्या २०२३ च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेत लोकांशी सल्लामसलतीचा उल्लेख आहे. ती बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या सभागृहात अर्ध्या दिवसात आटोपते. पोथी असते इंग्रजीत, शेकडो पानांची.

म्हणून मागणी होते की कार्य आयोजना मराठीत आणा आणि ग्रामपंचायतीत ठेवा. आणावीच. पण तेवढ्याने फारसे काही साधणार नाही. त्या पोथीत आपल्या गावापुरती एक ओळ सापडेल: अमुक कक्ष, सहावा कूप, अमुक वर्ष, निवड नि सुधार कार्यवर्तुळ. या ओळीवर कोण काय हरकत घेणार? कूप वीस हेक्टरांचा असला तर त्यातल्या बारा हेक्टरांत काय होणार आणि आठांत काय होणार, हे ती सांगत नाही. ते ठरते एक पायरी खाली. लोकांना बसवायचे असेल तर त्या पायरीवर बसवावे.

ती पायरी अशी. ज्या वर्षी कुपात काम करायचे त्याच्या एक वर्ष आधी तो जमिनीवर आखायचा. रेषा साफ करायच्या, खांब रोवायचे, कडेच्या झाडांना डांबराचे पट्टे मारायचे. मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने तो पायी फिरून त्याचे चार प्रकार पाडायचे. अ म्हणजे संरक्षणाचा भाग: २५ अंशांहून तीव्र उतार, धूप होणारी जमीन, ओढ्या-नाल्याच्या दोन्ही काठांना २०-२० मीटरचा पट्टा. ब म्हणजे विरळ भाग, घनता (झाडांच्या छत्राने झाकलेल्या जमिनीचे प्रमाण) ०.४ च्या खाली. क म्हणजे जुनी रोपवने आणि कोवळ्या, सरळ वाढणाऱ्या झाडांचे गट, जे पुढच्या पिकासाठी राखायचे. ड म्हणजे दाट आणि पक्व झाडांचा भाग. अ मध्ये कुऱ्हाड नाही, फार तर मृदसंधारण. ब मध्ये लागवड आणि मातीची कामे. क मध्ये विरळणी. ड मध्ये नियमाप्रमाणे झाडे छापून, म्हणजे तोडायच्या झाडांवर खूण करून, तोड. नकाशावर ही चार अक्षरे पडली की त्या जमिनीचे पुढच्या दहा-वीस वर्षांचे नशीब ठरले. पुढची सगळी कामे, झाडे छापणे, निष्कासन (तोडलेला माल बाहेर काढणे), कापलेल्या खुंटांची निगा, सहाव्या वर्षाची साफसफाई, अकराव्या वर्षाची विरळणी, त्या अक्षरांमागून चालतात.

पद्धत चांगली आहे. ज्यांनी ती बसवली त्यांना जंगल कळत होते, हे मान्य करायला हरकत नसावी. बिघडते ते अक्षर पाडताना.

आधी अ घेऊ. २० मीटर म्हणजे १:२५,००० च्या नकाशावर ०.८ मिलिमीटर. बोथट शिसपेन्सिलीची रेघ तेवढी जाड असते. ओढा नकाशात काढलेलाच नसेल, आणि विदर्भातल्या कोरड्या नाल्यांपैकी कितीतरी काढलेले नसतात, तर त्याचा पट्टाही नाही. एक किलोमीटर ओढा सुटला की दोन्ही काठ मिळून ४ हेक्टर संरक्षित भाग तोडीला मोकळा झाला. उताराचेही तेच. १:५०,००० च्या जुन्या टोपोशीटवर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. २५ अंशांच्या उतारावर दोन रेषांमध्ये एक मिलिमीटरही जागा उरत नाही, आणि मधली पंधरा मीटरची कड्यासारखी धार नकाशाला दिसतच नाही. म्हणून कार्यालयात बसून काढलेल्या नकाशाचा पहिला बळी अ असतो. याउलट ज्याची गुरे त्या नाल्यात उतरतात त्याला हा नाला दिवाळीपर्यंत वाहतो की होळीपर्यंत, हे विचारावे लागत नाही. उतार मोजायलाही महागडे यंत्र नको. आडवी दोरी दहा मीटर ताणली आणि तिच्या टोकाखाली जमीन ४.७ मीटरहून खोल गेली, तर उतार २५ अंशांच्या वर आहे.

ब चा घोळ याहून मोठा, कारण तिथे पैसा आहे. घनता ०.४ आहे की नाही हे बहुतेक वेळा नजरेने ठरते. सागाचे, सालईचे, मोवईचे जंगल फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडे पडते. तेच जंगल ऑक्टोबरच्या शेवटी पाहिले तर डोक्यावर आभाळ दिसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर फिरून काढलेल्या नकाशात ब फुगतो, म्हणजे जिथे नुसते राखून जंगल आपोआप दाटले असते तिथेही खड्डे पडतात. पडणाऱ्या खड्ड्यांनी आधीची खुंटफूट तुटते, कारण आखणी दोरीने सरळ रेषेत होते आणि धावड्याचा किंवा तेंदूचा फुटवा दोरी पाहून उगवत नाही. उपग्रहाच्या चित्रांनीही सगळे सुटत नाही. पावसाळ्यानंतरच्या चित्रात घाणेरीचे रान आणि ऐनाचे रान सारखेच हिरवे दिसते. त्यासाठी नोव्हेंबरात जागेवर जाऊन ०.१ हेक्टरचे, म्हणजे ३१.६२ मीटर बाजूचे चौकोन आखून झाडे मोजणे एवढाच मार्ग आहे. काही चौकोन मोजले की ०.३५ आणि ०.४५ यांतला फरक कळतो. नजरेला तो कळत नाही.

विरळ जंगल आणि मुळातच उघडी असलेली जमीन यांत ब हे अक्षर फरक करत नाही. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातली गवताळ माळराने 'निकृष्ट वन' या सदरात पडून तिथे वर्षानुवर्षे गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. माळढोक, धाविक, लांडगा, चिंकारा यांचे घर ते. त्या घरात झाडांच्या भिंती उभ्या राहिल्या. धनगरांची चराई गेली ती वेगळीच. खाली चार बोटे मुरूम आणि मग सलग काळा पाषाण असलेल्या जागी ४५ × ४५ × ४५ सेंटिमीटरचा खड्डा होतच नाही. मजूर सब्बल मारून वीतभर खोदतो, मोजमाप पुस्तिकेत मात्र ४५ लागतात. अशा जागेवर रोप पहिला उन्हाळा काढते, दुसरा नाही. माळावर झाड नाही म्हणजे काहीतरी बिघडले आहे, ही समजूत फार खोल बसलेली आहे. ती शिकलेल्या लोकांतच जास्त आढळते.

त्यात भर पडते सरकारी वर्षाची. जंगलाचे वर्ष मृगात सुरू होते, सरकारचे ३१ मार्चला संपते. खड्डे डिसेंबर-जानेवारीत खोदून उन्हाळाभर तापू द्यायचे, मेअखेर माती-शेणखत भरायचे, चांगला पाऊस मुरल्यावर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत लागवड उरकायची, हा शहाणा क्रम. निधी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात उतरला की सगळे खड्डे दहा दिवसांत 'होतात'. जाळरेषांचेही असेच. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरला जातो, म्हणजे रेषा त्याआधी कापून, पाचोळा जाळून तयार हव्यात. पैसे मार्चमध्ये आले तर गवत वाळून कोरडेठाक झालेले असते आणि रेषा जाळायला लावलेली काडीच कधी कधी वणवा होते.

नकाशाआधी आकडा आला की काय होते, त्याचा धडा महाराष्ट्राने नुकताच घेतला आहे. १ जुलै २०१६ ला २ कोटी झाडे, मग २०१७ मध्ये ४, २०१८ मध्ये १३ आणि २०१९ मध्ये ३३ कोटी, अशी उद्दिष्टे वरून खाली वाटली गेली. ३ × ३ मीटर अंतराने हेक्टरी १,१११ रोपे बसतात. त्या हिशेबाने ३३ कोटींना सुमारे २ लाख ९७ हजार हेक्टर जमीन लागते, मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढे क्षेत्र आहे त्याच्या जवळजवळ पाचपट, तीही एका पावसाळ्यात. सगळी झाडे वनखात्याने लावायची नव्हती, इतर खाती आणि ग्रामपंचायतीही होत्या, हे खरे. तरी आकडा गाठायचा असेल तर ब हे अक्षर जिथे मिळेल तिथे लिहावे लागते. मग त्या मोहिमेतली किती झाडे जगली यावर विधिमंडळात वाद झाला आणि चौकशी समिती नेमली गेली. झाडे कोणत्या अक्षराच्या जमिनीवर लावली होती, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला.

तर सूचना साधी आहे. कूप आखून उपचार नकाशा तयार झाला की झाडे छापण्याआधी तो त्या गावात वाचायचा. मराठीत, आणि गडचिरोलीत गोंडी-माडियात, मेळघाटात कोरकूत समजावून. भिंतीवर मोठा नकाशा लावायचा, त्यावर सर्व्हे क्रमांक नकोत, गावकरी वापरतात ती ठिकाणांची नावे हवीत: वाघदरा, आंबाझरी, देवाची पहाडी. दुसऱ्या दिवशी ज्यांना यायचे त्यांनी परिक्षेत्र अधिकाऱ्याबरोबर कूप फिरायचा. तीस दिवस लेखी-तोंडी हरकती घ्यायच्या. प्रत्येक हरकतीपुढे 'मान्य', 'अंशतः मान्य', 'अमान्य' आणि दोन ओळींचे कारण लिहून ती यादी त्याच भिंतीवर लावायची. वाचनात विचारायचे प्रश्नही ठरावीक ठेवावेत, नाहीतर सभा रस्त्याच्या खड्ड्यांवर जाते. नकाशात नसलेला ओढा, झरा, डोह आहे का? कोणती मोहाची, चारोळीची, हिरड्याची झाडे कोणती घरे वेचतात? देवराई, मसणवट, गुरांची वाट, पाणवठा कुठे? ब म्हटलेल्या तुकड्यात दहा वर्षांपूर्वी काय होते? तिथे मागे लागवड झाली होती का, आणि ती का मेली? या शेवटच्या प्रश्नाला खात्याच्या कक्ष इतिहासात सहसा उत्तर नसते. तिथे मागच्या पानावरचा मजकूर पुढच्या पानावर उतरवलेला असतो. गावात ते उत्तर दहा जणांना पाठ असते.

वेळ जाईल, हा पहिला आक्षेप. जात नाही. कूप एक वर्ष आधी आखायचा नियम त्यासाठीच आहे. नोव्हेंबरात नकाशा झाला, डिसेंबर-जानेवारीत वाचन झाले, तर छापणीला उन्हाळा मोकळा राहतो. उशीर होतो तो आखणीच वेळेवर होत नाही म्हणून, आणि त्याचे खापर लोकांवर फोडता येणार नाही.

दुसरा आक्षेप जरा खरा आहे: सागवान कुठे आहे हे चोरांना कळेल. पण उपचार नकाशात तुकडे असतात, झाडे नसतात. झाडांचे अनुक्रमांक, घेर, घणाचा शिक्का हे सगळे नंतरच्या छापणीच्या नोंदवहीत येते, आणि ती तोड होईपर्यंत खात्याकडेच राहू द्यावी. बाकी चोराला साग कुठे आहे ते नकाशा पाहून कळते, असे मानणाऱ्याने चोर पाहिलेला नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे लोकांना शास्त्र कळत नाही. घनता कशी काढतात हे नसेल कळत. पण वर दिलेल्या प्रश्नांपैकी एकही प्रश्न वनशास्त्राच्या पदवीचा नाही. चौथा आक्षेप खाते उघडपणे करत नाही, तो गावाच्या बाजूने करावा लागतो. गाव एकजीव नसते. तेंदूच्या ठेकेदाराचा माणूस, सरपंच, गुरांचे मोठे खिल्लार असलेला एखादा, यांचा आवाज सभेत मोठा असतो. मोह वेचणारी बाई सभेत बोलत नाही, आणि वर्षातून दोन महिने तळ ठोकणारा मेंढपाळ तर कोणत्याच ग्रामसभेचा सभासद नसतो. म्हणून हरकत घेण्याचा हक्क ठरावाला बांधू नये. जो त्या जंगलातून जातो त्याला, एकट्यालाही, हरकत देता यावी. मेंढपाळ जेव्हा तिथे असतात तो महिना वाचनासाठी निवडला तर आणखी बरे.

कायद्याची अडचण आहे म्हणावे तर कायदा याच्याही पुढे गेलेला आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेच्या समितीने आपल्या जंगलाचा संवर्धन-व्यवस्थापन आराखडा करायचा आणि तो खात्याच्या सूक्ष्म आराखड्याशी, कार्य आयोजनेशी जोडून घ्यायचा, 'समितीला आवश्यक वाटतील त्या फेरफारांसह', असे नियम ४(१)(च) चे म्हणणे. फेरफार आवश्यक आहेत की नाहीत हे समितीने ठरवायचे, खात्याने नव्हे. व्यवहारात बऱ्याच ठिकाणी हे उलटे चालते: आधी कार्य आयोजना, मग तिच्यात बसेल तेवढा गावाचा आराखडा. ज्या गावांकडे हक्काचा कागद आहे तिथे चावडीवाचन ही सवलत म्हणून मागायचीच नाही, तिथे नकाशा ग्रामसभेनेच काढायचा आणि खात्याला वाचून दाखवायचा. पण राज्यात अशी कितीतरी गावे आहेत की ज्यांचा दावा अजून पडून आहे, किंवा ज्यांनी तो केलाच नाही. ती आज मधल्या मध्ये लटकतात. वाचनाची मुख्य गरज त्यांना आहे.

ग्रामसभांचे आराखडे निर्दोष असतात असे म्हणण्याचा मोह इथे होतो. टाळलेला बरा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांचा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. पण मेंढ्यामागे कित्येक वर्षांच्या अभ्यासगटांची आणि सर्वसहमतीच्या निर्णयांची सवय होती. ती सवय नसलेल्या गावात संस्थेने आणलेला छापील नमुना भरून आराखडा होतो, गावाचे नाव तेवढे बदलते. आणि मग बांबू. बेटात नवा बांबू कडेला येतो, जुना मधोमध अडकतो. पहिल्या वर्षाचा तो करला, दुसऱ्या वर्षाचा महिला, त्यापुढचा पकिया. तोडायचा पकिया. करल्याला हात लावायचा नाही आणि त्याला आधार देणारे काही जुने बांबूही ठेवायचे. काप जमिनीपासून वीतभर ते फूटभरावर, पेऱ्याच्या लगेच वर, म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही. पण मजुरी नगावर मिळते. मधला पकिया काढायला बेटात शिरण्यासाठी वाट पाडावी लागते, त्या वेळात कडेचे चार बांबू सहज पडतात. ठेकेदाराने आगाऊ रक्कम दिलेली असली की कडेची कापणी आणखी वाढते. तीन वर्षांनी तेच बेट करंगळीएवढ्या बारीक काड्या देते. तेव्हा गाव म्हणते बांबूला रोग पडला. गावाचा आराखडाही शेजारच्या गावांसमोर वाचला जावा, त्याच प्रश्नांनिशी. यात ग्रामसभेचा अपमान नाही.

वाचनाचा अतिरेक कसा होतो तेही पाहून ठेवावे. अमेरिकेत १५४ राष्ट्रीय वने आहेत. १ जानेवारी १९७० रोजी सही झालेल्या पर्यावरण धोरणाच्या कायद्यानंतर तिथे हळूहळू अशी रीत बसली की प्रस्तावित कामांची यादी दर तीन महिन्यांनी जाहीर करायची, कामाचे पर्याय मांडायचे, मसुद्यावर ३० किंवा ४५ दिवस मते घ्यायची, आणि अंतिम निर्णयाआधी पुन्हा हरकतीची संधी द्यायची. रीत उत्तम होती. पण कोर्टात टिकावे म्हणून कागद वाढत गेले, इतके की २०२३ मध्ये कायद्यानेच मर्यादा घालावी लागली: साध्या मूल्यमापनाला ७५ पाने, मोठ्या अहवालाला १५०. २०२५ मध्ये तिथल्या कृषी खात्याने (वनसेवा त्याच्याच हाताखाली येते) नियम बरेच आटोपते घेतले आणि लोकांना विचारण्याची सक्तीही सैल केली. म्हणजे कागद जाड झाले म्हणून ओरड झाली आणि कात्री लागली ती माणसांनाही. आपला उपचार नकाशा एका पानाचा आहे, हे आपले भाग्य. त्याला पुरवण्या जोडायच्या भानगडीत कुणी पडू नये.

त्याच देशातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे राष्ट्रीय वनात ६ एप्रिल २०२२ रोजी वनसेवेने वाळलेला पाला-फांद्या कमी करण्यासाठी स्वतःच लावलेली नियोजित आग हाताबाहेर गेली. जानेवारीत पेटवलेल्या फांद्यांच्या ढिगाची धग हिवाळाभर आत टिकून तीही एप्रिलमध्ये वर आली. दोन्ही मिळाल्या आणि सुमारे ३ लाख ४१ हजार एकर जळाले, त्या राज्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी आग. योजना मंजूर होती, टप्पे नेमून दिलेले होते, सगळे कागदोपत्री ठीक. कागद केला तेव्हाचे जंगल आणि काडी लावली त्या दिवसाचे जंगल यांत मात्र मोठ्या दुष्काळाचे अंतर पडले होते. वनसेवेच्या प्रमुखांनी देशभरातल्या नियोजित आगी ९० दिवस थांबवल्या आणि जूनमध्ये स्वतःच्या चुकांचा आढावा जगासमोर ठेवला: जमीन आणि इंधन वाटले त्याहून कोरडे होते, हवामानाची जवळची माहिती पुरेशी नव्हती, राहिलेले काम उरकण्याचा दबाव होता. घटनेपासून अडीच-तीन महिन्यांत हे सगळे छापून आले.

आपल्याकडे आढाव्याचा कागद म्हणजे विचलन विवरणपत्र. आयोजनेत काय लिहिले होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला. नियंत्रण नमुन्यांत तो भरला जातो, वर जातो आणि तिथेच राहतो. पाचव्या वर्षी आयोजनेचा मध्यावधी आढावाही घ्यायचा असतो. गावाला यातले काही दिसत नाही, म्हणून चावडीवाचन दोनदा व्हावे लागेल. पहिले कामाआधी. दुसरे काम झाल्यावर तिसऱ्या वर्षी, तोच नकाशा भिंतीवर लावून.

दुसऱ्या वाचनात मोजायचे फार नाही. पहिले म्हणजे खुंट. छापताना झाडावर दोन ठिकाणी खूण करतात, एक छातीच्या उंचीवर आणि एक बुंध्याशी. झाड पडल्यावरही बुंध्याची खूण खुंटावर राहावी यासाठी ही सोय. दहा जणांनी एक दिवस कूप फिरून शिक्का असलेले आणि नसलेले खुंट वेगळे मोजावेत. अ च्या पट्ट्यात एकही खुंट निघाला तर तो नकाशावर लाल टिंबाने दाखवावा. दुसरे म्हणजे खुंटांची फूट: एका सागाच्या खुंटाला आठ-दहा धुमारे येतात, त्यातले एक-दोन जोमदार राखून बाकी काढले असतील तर ते पुढे झाड होईल, नाहीतर झुडूपच राहील. तिसरे म्हणजे रोपे, आणि ती मे महिन्यात मोजायची. ऑक्टोबरात मोजलेले रोपवन नेहमी चांगले असते, गवतातले हिरवे काहीही रोपात धरले जाते. जिओटॅग केलेल्या छायाचित्रात फलक आणि कुंपण स्पष्ट येते, रोप येत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात खड्ड्याखड्ड्यापाशी वाकून पाहिले, नखाने साल खरवडली, खाली हिरवे निघाले तर जिवंत, तपकिरी निघाले तर मेलेले. हे काम करायला तेंदूच्या हंगामातून मोकळे झालेले लोक गावात असतात. त्यांना दिवसाची मजुरी द्यावी आणि आकडा त्यांच्याच हाताने फलकावर लिहून घ्यावा, लागवडीच्या खर्चाच्या आकड्याखाली.